रेल्वेमार्गावरच्या आत्महत्या रोखायला नेमकं काय उपयोगी पडतं?

रुळाकाठी (धागाकर्ता)

लोकल लेट झाली की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, 'कुणीतरी गाडीखाली आलं'. दुसरा येतो, 'गेला अर्धा तास'. तिसरा मेसेज कधीच येत नाही, म्हणून हा धागा. काय केलं असता हे टळलं असतं, त्याबद्दल बोलू.

आधी दोन गोष्टी. कोणी स्वतःच या विचारात असेल आणि हे वाचत असेल, तर धागा बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, भाषेच्या पर्यायांत मराठी आहे. दुसरं, इथे जागांची नावं, पद्धतीचे तपशील आणि बातम्यांच्या लिंका टाकू नका. कारण पुढे ओघात येईलच.

आता आकड्यांचा घोळ. रुळांवरच्या मृत्यूंत तीन प्रकार एकत्र सापडतात: रूळ ओलांडताना धडक बसलेले, चालत्या गाडीतून पडलेले आणि स्वतःहून आलेले. रेल्वे पोलिस तिन्हींची सुरुवात अकस्मात मृत्यूच्या नोंदीने करतात (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं कलम १७४, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १९४). चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही, मग ठरवायचं कसं? त्यात रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे आत्महत्येला भरपाई नाही. म्हणजे त्या एका शब्दावर घरच्यांचे पैसे अडकतात, वर बदनामीची भीती वेगळी. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) अहवालात २०२२ साली देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत आणि २२,७४६ सह महाराष्ट्र पहिला आहे, पण त्यातल्या रेल्वेच्या रकान्यावर डोळे झाकून विसंबू नका. 'ओलांडताना' आणि 'हेतूने' यांतली रेघ पुसट आहे. उपाय मात्र दोन्हींचे वेगळे आहेत, आणि आपल्याकडे चर्चा फसते ती तिथेच.

---

हार्बरवासी

उपाय सरळ आहे की. मेट्रो ३ वर फलाटाला छतापर्यंत काचेचे दरवाजे आहेत, २अ आणि ७ वर कमरेच्या जरा वर येणारे आहेत. तेच लोकलला लावा. विषय संपला.

---

बोगी_शंटर

@हार्बरवासी, दरवाज्यांचा उपयोग होतो यात वादच नाही. हाँगकाँगच्या एमटीआर मेट्रोने २००२ नंतर जुन्या भुयारी स्थानकांना मागाहून दरवाजे बसवले, तिथे आत्महत्या सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. सोलच्या अभ्यासात घट ८९ टक्के निघाली, तीही छतापर्यंतच्या दरवाज्यांनी. अर्ध्या उंचीचे दरवाजे ढकलाढकलीत पडणाऱ्याला वाचवतात, निश्चय करून आलेल्याला तेवढे अडवत नाहीत. उंची हा इथे शोभेचा प्रश्न नाही.

आता लोकलला का बसत नाहीत ते बघा.

पहिलं, एकाच फलाटावर १२ डब्यांची, १५ डब्यांची, एसी आणि काही ठिकाणी मेल-एक्सप्रेस लागते. सगळ्यांची दारं वेगवेगळ्या अंतरावर. मेट्रोत एकाच साच्याच्या गाड्या असतात आणि गाडी यंत्राच्या हिशोबाने ठरल्या जागी थांबते, चूक वीतभर. लोकल मोटरमन हाताने थांबवतो, पावसात रूळ ओले असले की चूक त्याहून बरीच मोठी.

दुसरं, साध्या लोकलची दारं उघडी असतात आणि माणसं बाहेर लटकतात. फलाटाच्या कडेला पक्का दरवाजा उभा केलात तर लटकणारे त्यावर आपटतील. म्हणजे आत्महत्या अडवायला गेलो आणि अपघात वाढवले. आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या गाड्या आधी, फलाटाचे दरवाजे नंतर. हा क्रम उलटा करता येत नाही.

तिसरं कुणी बोलत नाही: फलाटाची कडा. दरवाज्याचं वजन आणि त्यावर रेलणाऱ्या गर्दीचा दाब जुन्या भरावाच्या फलाटाला झेपत नाही. आधी कडा फोडून काँक्रीटने मजबूत करावी लागते, ती पण रात्री गाड्या बंद ठेवून मिळणाऱ्या दोन-तीन तासांच्या ब्लॉकमध्ये. दरवाज्यापेक्षा वेळ तिथे जातो.

जपानपुढे हीच अडचण होती. दारं वेगवेगळी असलेल्या मार्गांवर त्यांनी आडव्या दोऱ्या वर-खाली होणारे अडथळे लावले. टोकियोच्या तोएई असाकुसा मार्गावर गाडीच्या दाराला क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवले. फलाटावरचा कॅमेरा ते वाचतो आणि फलाटाची दारं उघडतो, गाडीत वायरिंग बदलायला नको. आणि ओसाकाच्या उमेकिता भुयारी फलाटावर २०२३ पासून छतापर्यंतचे पडदे आहेत, ते स्वतःच सरकून आलेल्या गाडीच्या दारांपुढे जागा करून देतात. म्हणजे 'गाड्या वेगवेगळ्या आहेत' हे कारण आता तांत्रिक राहिलं नाही, पैशाचं आणि ब्लॉकचं राहिलंय. उघडी दारं हे मात्र अजूनही तांत्रिकच.

---

चहाटपरी

जपानमध्ये निळे दिवे लावून आत्महत्या ८४ टक्के कमी झाल्या असं व्हॉट्सॲपवर फिरतं. स्वस्त आणि मस्त. आपण का नाही लावत?

---

निम्नरेखा

@चहाटपरी, आकडा खोटा नाही, पण अर्धाच फिरतो. ७१ स्थानकांच्या दहाएक वर्षांच्या माहितीवर २०१३ साली तो अभ्यास आला. ८४ टक्के हा मधला अंदाज. खरी घट १४ ते ९७ मध्ये कुठेही असू शकते, असं त्याच निबंधात आहे. १४ आणि ९७! एवढ्या रुंद पट्ट्यातून ८४ तेवढे उचलायचे म्हणजे हवामान खात्याच्या अंदाजातला फक्त पाऊस वाचण्यासारखं. दुसऱ्या संशोधकांनी लगेच दाखवलं की दिवा रात्रीच दिसतो आणि फलाटाच्या टोकांनाच असतो, तेव्हा त्याच्या टप्प्यात येणाऱ्या घटना मुळातच थोड्या. दिवसा भर उन्हात निळा दिवा काय करणार?

दिवे लावायला हरकत नाही, फलाटाचं अंधारं टोक उजळतं हा फायदा आहेच. पण दिवा लावून ठेकेदाराचं बिल निघालं आणि फाइल बंद झाली, तर तोटा.

---

मुलुंडचा_मध्या

वडाळ्याजवळचा प्रयोग विसरू नका. रुळांखालचे आडवे स्लीपर पिवळे रंगवले, गाडीखाली येतानाच्या माणसाच्या चेहऱ्याचा मोठा फोटो लावला आणि मृत्यू घटले.

---

रुळाकाठी

@मुलुंडचा_मध्या, प्रयोग खरा आहे आणि कल्पनाही हुशार: २००९-१० च्या सुमारास फायनल माइल या सल्लागार कंपनीने केला होता. एकाआड एक काही स्लीपर पिवळे, म्हणजे मोठी वस्तू आपल्याकडे किती वेगाने येतेय याचा डोळ्याला अंदाज यावा. हॉर्न लांबलचक एक न देता तुटक दोनदा. आणि तो चेहरा.

पण तो रूळ ओलांडणाऱ्यांसाठी होता. ज्याला वेगाचा अंदाज चुकण्याची भीती आहे, त्याला पिवळा रंग सावध करतो. जो स्वतःहून आलाय त्याच्यासाठी वेगाचा अंदाज हा प्रश्नच नाही. आणि भीतीने वासलेला तो चेहरा अशा मनःस्थितीतल्या माणसासमोर लावणं मला धोक्याचं वाटतं. वर म्हटलेली पुसट रेघ ती हीच. भिंत, कुंपण आणि पादचारी पूल मात्र दोन्हीकडे उपयोगी. कुंपणाचं दुखणं एकच: पलीकडे वस्ती असेल आणि पूल लांब असेल, तर आठ दिवसांत भगदाड पडतं. आधी पूल, मग भिंत.

---

आवाज_कुणाचा

सगळे लोखंड आणि काँक्रीटबद्दल बोलताय. ब्रिटनमध्ये सर्वांत लांब चाललेलं काम माणसांचं आहे. रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल आणि संकटातल्यांचं ऐकून घेणारी समॅरिटन्स ही संस्था यांची भागीदारी २०१० पासून आहे. तिकीट खिडकीवाले, फलाटावरचे, सफाईवाले असे वीस हजारांहून अधिक कर्मचारी एवढ्यासाठीच शिकवून तयार केले: कोण संकटात दिसतोय ते ओळखायचं, जवळ जायचं, बोलायचं, सुरक्षित जागी न्यायचं, पुढे सोपवायचं. २०१७ पासून प्रवाशांसाठीही मोहीम आहे. तिचं म्हणणं एका ओळीचं: जाऊन काहीतरी किरकोळ विचारा.

किरकोळच. 'तुम्ही ठीक आहात ना?' हा दुसरा प्रश्न. पहिला असा:

'अहो, ठाणा स्लो इथेच लागते ना?'

'वाजले किती हो? माझा फोन बंद पडलाय.'

माणूस स्वतःच्या डोक्यात बंद झालेला असतो. साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला तिथून बाहेर यावं लागतं, तेवढी फट पुरते. मग नाव विचारायचं. मग, 'चला, जरा बाकावर बसू, इथे ऊन आहे.' पाय कडेपासून मागे आले की अर्धं काम झालं. त्यानंतर थेट विचारायचं: 'जीव द्यायचा विचार येतोय का?' हा शब्द उच्चारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती निराधार आहे. उलट विचारलं की बहुतेकांना सुटल्यासारखं होतं.

---

हार्बरवासी

आज अडवलं, उद्या दुसरीकडे जाईल. मग उपयोग काय?

---

निम्नरेखा

सगळ्यांना हेच वाटतं, आणि ते चूक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलावर १९३७ ते १९७१ मध्ये अडवलेल्या ५१५ जणांचा पुढे माग काढला (अभ्यास १९७८ चा). ९० टक्क्यांहून अधिक लोक जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. विचार लाटेसारखा येतो, चढतो, उतरतो. तेवढा वेळ काढायचा असतो. हाँगकाँगला दरवाजे बसवल्यावर बिनदरवाज्यांच्या स्थानकांवर तेवढीच वाढ झाली, असंही दिसलं नाही.

---

बोगी_शंटर

ओळखायच्या खुणांबद्दल एक सावधगिरी. परदेशी पुस्तिकांत पहिली खूण असते, 'गाड्या येतात-जातात पण हा चढत नाही'. दादरला सकाळी सव्वानऊला हा निकष लावलात तर अख्खा फलाट संशयित! इथे माणूस गर्दी म्हणून दोन गाड्या सोडतो, एसीसाठी चार, बसायला मिळावं म्हणून उलटा दोन स्थानकं मागे जातो.

आपल्याकडे एक खूण पुरत नाही, दोन-तीन एकत्र बघायच्या. गर्दी नसताना गाड्या सोडणं. जिथे डबा लागतच नाही अशा फलाटाच्या टोकाला बराच वेळ उभं राहणं. सामान, चपला, फोन बाकावर ठेवून दूर जाणं. इंडिकेटरकडे न बघता सारखं रुळांकडे बघणं. रडणं, किंवा अजिबात हालचाल नसणं. बूटपॉलिशवाले, स्टॉलवाले आणि सफाई कामगार हे सीसीटीव्हीपेक्षा लवकर ओळखतात, कारण रोजची माणसं त्यांना माहीत असतात. प्रशिक्षण द्यायचं तर त्यांच्यापासून सुरुवात करा, पण ते रेल्वेच्या पटावर नसतात म्हणून यादीत येत नाहीत.

---

चहाटपरी

बरं, दिसलं कोणी. मग कुणाला सांगायचं? रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन लावून 'हिंदी के लिए' ऐकत बसायचं?

---

बोगी_शंटर

क्रम असा ठेवा.

फलाटावर असाल तर जवळचा वर्दीतला माणूस: आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल), लोहमार्ग पोलिस, होमगार्ड, महाराष्ट्र सुरक्षा बलाचा जवान. दुसऱ्याला स्टेशन मास्तरकडे पळवा. फोनपेक्षा हे लवकर होतं. स्टेशन मास्तर त्या पट्ट्यातल्या गाड्या चालवणाऱ्या सेक्शन कंट्रोलरला सांगतो, कंट्रोलर येणाऱ्या गाडीला थांबवायला किंवा हळू यायला लावतो. गाडी थांबवायची ती अशी आधीच. मोटरमनला समोर माणूस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ब्रेक लावून गाडी जागच्या जागी उभी राहत नाही.

दोन स्थानकांच्या मध्ये असाल (खिडकीतून दिसलं, सोसायटीच्या गच्चीवरून दिसलं) तर १५१२ लोहमार्ग पोलिस, ११२, किंवा १३९ वर सुरक्षेचा पर्याय. आणि सांगायचं काय? 'पुलाच्या जरा पुढे, पिंपळाजवळ' असं नाही. ओव्हरहेड वायरच्या खांबावर पाटी असते, तिच्यावर दोन आकडे असतात: किलोमीटर आणि त्या किलोमीटरातला खांब. ते दोन आकडे, मार्ग, आणि गाडी कुठल्या दिशेची, एवढं सांगितलंत की कंट्रोलला शोधावं लागत नाही.

गाडी येताना दिसतेय आणि वेळच नाही, तर फलाटावरूनच मोटरमनच्या नजरेत येईल असं उभं राहून दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच. रात्री मोबाइलची बॅटरी अंगासमोर आडवी, जोरजोरात हलवायची. रेल्वेच्या नियमांत हा 'थांबा' असा हातसिग्नल आहे आणि मोटरमन तो ओळखतो. रुळांत उतरायचं नाही. शेजारच्या रुळावरची गाडी तुम्हाला दिसत नसते.

मेट्रोच्या फलाटावर लाल रंगाचं आणीबाणीचं बटण असतं, ते दाबलं की येणारी गाडी थांबते. दाबताना 'दंड होईल का' असा विचार करू नका, तो खोडसाळपणासाठी आहे.

---

आवाज_कुणाचा

आणि जास्त बिघडतं ते यानंतर. माणूस सापडला, मास्तरच्या खोलीत आणला. भोवती दहा जण. एक शूटिंग करतोय. एक सांगतोय, 'आईबापाचा विचार केलास का?' (केलेला असतो. बऱ्याचदा 'आपण गेलो की त्यांचं ओझं उतरेल' असाच केलेला असतो, आणि तुमचं वाक्य त्यावर शिक्कामोर्तब करतं.) एक पोलिस दरडावतोय की केस होईल.

केस होत नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ११५: असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, शिक्षा करायची नाही. अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंड संहितेचं जुनं ३०९ कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत राहिलंच नाही. त्यातलं २२६ उरलंय ते सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. मानसिक आजारामुळे जिवाला धोका आहे असं दिसलं तर मानसिक आरोग्य कायद्याच्याच कलम १०० प्रमाणे पोलिसांनी लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, सरकारी रुग्णालयात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही.

खोलीत दोघेच ठेवा, जमल्यास एक बाई. पाणी, चहा. त्याचा फोन त्याच्याकडेच. 'घरी कोणाला बोलवू?' हे त्यालाच विचारा, 'लास्ट डायल्ड' नंबर परस्पर फिरवू नका. बाईच्या बाबतीत मारहाण जिथून सुरू झाली त्याच घरी आपण तिला परत पाठवत असू. १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या आणि दोन पावलं मागे सरका. आपण वकिलासारखं मध्ये बोलायचं नाही. मात्र ती समुपदेशनाची सेवा आहे, रुग्णवाहिका नाही. काही घेतलं असेल, जखम असेल, तर १०८.

---

मुलुंडचा_मध्या

बातम्यांबद्दल धागाकर्ते काही सांगणार होते. परवाच्या [*संपादित: स्थानकाचं नाव आणि घटनेचं वर्णन काढलं. – व्यवस्थापन*] बातमीत तर आकृती काढून दाखवलं होतं.

---

रुळाकाठी

तुमचा प्रतिसाद का संपादित झाला त्याचंच उत्तर. व्हिएन्नात ऐंशीच्या दशकात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या रंगवून बातम्या यायच्या, आणि घटना वाढत गेल्या. १९८७ च्या मध्यावर तिथल्या तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी नियम केले: पहिल्या पानावर नको, मथळ्यात तो शब्द नको, जागा आणि पद्धत नको, फोटो नको, एकच एक कारण जोडू नका. वृत्तपत्रांनी ते पाळले. त्याच वर्षाच्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत दुसऱ्या सहामाहीत भुयारी रेल्वेतले प्रकार सुमारे ८० टक्क्यांनी उतरले. ना दरवाजा बसवला, ना भिंत बांधली.

आपल्याकडे प्रेस कौन्सिलने २०१९ साली अशीच मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. वेबपोर्टल आणि इन्स्टाच्या पानांपर्यंत ती पोहोचलेली दिसत नाहीत. 'नापास झाला म्हणून' हा मथळा दर निकालाला येतोच.

---

निम्नरेखा

मोटरमनचा उल्लेख अजून कुणीच केला नाही. रेल्वेच्या भाषेत 'एमआरओ' म्हणजे मॅन रन ओव्हर, माणूस गाडीखाली आला. तीन अक्षरं लिहिली, वेळ टाकली, गाडी पुढे. मोटरमनला पुढच्या लॉबीत (चालकांची ड्यूटी बदलते ती जागा) उतरवून दुसरा द्यावा, त्या दिवशी त्याच मार्गावर परत पाठवू नये, आणि समुपदेशन 'हवं असेल तर' असं न ठेवता सगळ्यांना ठरलेलं असावं. मागितलं तर 'हा कच्चा' असा शिक्का बसतो, म्हणून कुणी मागत नाही. चौकशीचा कागद त्याच्यापुढे सरकवताना पहिलं वाक्य 'तुमची चूक नव्हती' हे असलं पाहिजे.

---

चहाटपरी

रुळांलगतच्या सोसायट्यांच्या गेटवर आणि स्टॉलवर लावायला मजकूर करतोय. बघा:

'रुळांजवळ कुणी त्रासात दिसलं तर: १) काळजी करू नका. २) जाऊन साधं काहीतरी विचारा. ३) १३९ / १५१२ ला खांबाचे आकडे सांगा. ४) एकटं सोडू नका. ५) टेली-मानस १४४१६.'

---

बोगी_शंटर

पहिली ओळ काढा, जागा खाते. तिथे 'रुळांत उतरू नका' टाका. स्टॉलवरच्या प्रतीत तिसऱ्या ओळीआधी 'स्टेशन मास्तर / पोलिस' हवं. सोसायटीच्या प्रतीत गेटसमोरच्या खांबाचे खरे आकडे आधीच छापून ठेवा, रात्री ती पाटी लांबून वाचता येत नाही. आणि लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीतवर ट्यूबलाइट चमकते आणि नेमके नंबरच दिसत नाहीत.

---

चहाटपरी

बदललं. दोन वेगळ्या फायली करतोय, रात्री टाकतो.